गाळलेली अक्षरं

१

बाबांचं बोलणं सकाळी अकराला सुरू व्हायचं.

तोवर आईचं सगळं उरकलेलं असायचं. अंग पुसणं, चादर बदलणं, नळीतून नाचणीची पेज, आणि एक दिवसाआड दाढी. मग मी त्यांच्या खोलीत जायचे, उजव्या हाताखाली उशी सारायचे आणि त्यांचा अंगठा पेढ्याएवढ्या लाल बटणावर ठेवायचे. समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर उजळत जायचं. जास्त लागणारी आधी, कमी लागणारी नंतर. हवं ते अक्षर आलं की बाबांनी बटण दाबायचं. एक-दोन अक्षरं झाली की खाली चार शब्द सुचवले जायचे, त्यातला एक निवडला की झालं.

माझे बाबा, महादेव भोईर, पनवेल डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवत होते. मागच्या फेब्रुवारीत विचुंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, बाथरूममध्ये पडले. मेंदूच्या देठापाशी रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतंय, ऐकू येतंय, दिसतंय. शरीर तेवढं ऐकत नाहीये. पापण्या मिटायच्या त्या आपल्या मर्जीने, त्यावरून हो-नाही ठरवता येईना. त्यांच्या मनासारखा हलायचा तो फक्त उजवा अंगठा, तोही थरथरत.

ते बटण मी केलं. माझं कामच ते आहे. कीबोर्डचं बटण दाबलं की अक्षर सरळ पडद्यावर उमटतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. आधी ते कर्नेलकडे जातं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातल्या त्या भागाकडे, जो यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्या मधोमध बसलेला असतो. बटण खाली गेलं की तिथे १ अशी नोंद होते, वर आलं की ०, आणि दाबून धरलं तर २, २, २. कीबोर्ड, माऊस, टचस्क्रीन यांच्या अशा नोंदी नीट वर पोचवणारे ड्रायव्हर मी आठ वर्षं लिहिते आहे. आता घरूनच.

पहिले तीन दिवस पडद्यावर नुसता कचरा आला. अंगठा इतका थरथरायचा की एका अक्षराऐवजी पाच उमटायची. मग मी जे कुठल्याही बटणाला करतात तेच केलं. ड्रायव्हरमध्ये एक गाळणी घातली. ऐंशी मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दाबलेलं काहीही वर जाऊ द्यायचं नाही. तो कंप समजायचा आणि टाकून द्यायचा.

चौथ्या दिवशी अक्षरं स्वच्छ आली. एकही चूक नाही. पहिला शब्द आला, धन्यवाद.

आई पदराला डोळे पुसत बसली. मीही रडले. मग दुपारी भांडी लावताना माझ्या मनात आलं, की बाबांनी आयुष्यात कोणाला धन्यवाद म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पण ध उमटल्यावर खाली सुचवलेल्या चार शब्दांत तो पहिलाच होता. थकलेला माणूस समोर असेल तो शब्द उचलतो. मी ताट फडक्याने पुसलं आणि तो विचार संपवला.

२

काशिरामकाका दर रविवारी यायचे. बाबांच्या गाडीवर बावीस वर्षं कंडक्टर होते. येताना सुकापूरच्या बाजारातून बाबांच्या आवडीचे बोंबील आणायचे आणि आईला तळायला लावून, बाबांना नुसता वास द्यायचे.

"म्हादू, काशा आयलाय," ते पलंगाजवळ खुर्ची ओढत म्हणाले. "बोंबील हायत. वास येतंय काय?"

टिक. बटण खाली जाताना असा बारीक आवाज व्हायचा, आणि वर येताना टक. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. टिक, टक. टिक, टक.

नाही, असं उमटलं.

काका पडद्याकडे बघत राहिले. मग बाबांच्या तोंडाकडे बघितलं. बाबांची नजर छताच्या पंख्याला लागलेली होती, डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते नेहमीच गळायचं.

"दिपे," काका मला म्हणाले, "यो 'नाही' कवापासना बोलाया लागला?"

"काका, खाली शब्द सुचवले जातात ना. त्यात 'नाय' नाहीये. मी घातलेलाच नाही."

"मग घाल ना."

मी त्याच दिवशी घातला. 'नाय' घातला, 'हाय' घातला, 'मना', 'तुमी', 'पानी' घातलं. आई गाडीत बसून पनवेलला निघाली की बाबा जे काही ओरडून सांगायचे ते सगळं आठवून घातलं. पडद्यावर तरीही 'नाही'च येत राहिलं. 'पाणी'. 'आहे'. 'कृपया'.

पुढच्या रविवारच्या आदल्या दिवशी आलं, काशिराम नको.

मला बाबांचा राग कळत होता. असं पडलेलं कोणाला दिसावंसं वाटेल, आणि तेही जिवलग मित्राला? काकांना फोन करून मीच सांगितलं. "त्यानी सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, स्वतः.

३

आता मागे वळून बघताना सगळं एका ओळीत दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. एकेक गोष्ट लहान होती, आणि आजारी माणसाची होती.

पडदा लावा. उजेडाने डोळे दुखत असतील. पंखा बंद. थंडी वाजत असेल. खिडकी बंद. खाली नव्या इमारतीचं काम चाललं होतं, धूळ यायची. भाविका नको. भाविका हातापायांना व्यायाम द्यायला यायची, हसरी मुलगी, पण सांधे हलवताना दुखतच असणार. पेज कमी. दार लावा.

"किती सरळ बोलतात आता," मी आईला म्हणाले. "पूर्वी एवढं कधी सांगायचे का?"

आईने हातातला डाव खाली ठेवला. ती चुलीवरच्या... गॅसवरच्या भाताकडे बघत होती. लग्नानंतरची वीस वर्षं तिने गावी, नेऱ्याला, चुलीवर काढली, अजूनही मला तिचं बोलणं आठवताना चूलच आठवते. मग म्हणाली, "मना भामे म्हणून हाक नाय मारली त्यांनी. एकदा पण नाय. सा महिने झाले."

चार दिवसांनी पडद्यावर आलं, भामा दमली आहे. नेऱ्याला जा.

आई खरंच दमली होती. नेऱ्याला तिची बहीण, भीमामावशी, एकटी राहते. महिनाभर राहून ये, असं मीच तिला म्हटलं. पिशवी भरताना ती दोनदा खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. दार लावलेलं होतं.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी आलं, दिपिका, इथेच बस.

मी माझं टेबल बाबांच्या खोलीत हलवलं. कंपनीचं काम तिथूनच करायला लागले. भाजी, दूध, औषधं, सगळं दारात यायचं. खोलीत ट्यूबलाईट दिवसभर चालू. आत कापराचा आणि औषधाचा कोंदट वास साचला होता, तो मला येईनासा झाला होता. मी उठून दाराकडे गेले की मागून टिक ऐकू यायचं. वळून बघितलं की पडद्यावर पहिलं अक्षर उमटलेलं असायचं, द.

एकदा इस्त्रीवाल्याने विचारलं, ताई, गावाला गेला होता का, किती दिवसांत दिसला नाहीत. मी मोजलं. अठरा दिवस मी जिना उतरले नव्हते.

४

तो गुरुवार होता. दुपारचे बारा वाजत आले होते. कंपनीत मला टचस्क्रीनच्या ड्रायव्हरसाठी कंप गाळायचाच भाग लिहायचा होता. म्हटलं, बाबांच्या बटणासाठी लिहिलेला आहे तोच सुधारून घेऊ.

तो उघडला. मी सवयीने त्यात दोन नोंदवह्या ठेवल्या होत्या. वर गेलेलं प्रत्येक दाबणं एकीत, टाकून दिलेलं दुसरीत. दुसरी मी कधी उघडून बघितली नव्हती. कंप तो कंप, त्यात काय बघायचं?

आधी पहिली बघितली. कोणत्या वेळी दाबलं आणि किती वेळ दाबलं, असे दोन आकडे. मी दुसऱ्या आकड्यांवरून नजर फिरवत खाली गेले.

२१२. २१२. २१२. २१२.

सहा महिने. हजारो वेळा. प्रत्येक वेळी दोनशे बारा मिलिसेकंद.

मी हात मांडीवर ठेवून बसले. आठ वर्षं मी माणसांची बोटं आकड्यांत बघते आहे. कोणाचंही बोट दोनदा सारखं दाबत नाही. दमलेलं असो, तरुण असो, फरक पडतोच. म्हणजे चूक माझी. मी कुठेतरी आकडा गोल करून टाकला असणार. कोड वाचलं. नव्हता केला. घड्याळ तपासलं. ठीक होतं. माझं स्वतःचं बोट बघावं म्हणून जुन्या चाचणीच्या नोंदी काढल्या. त्याच ड्रायव्हरने माझं बोट लिहून ठेवलं होतं, १०४, १३१, ९७, ११८.

मग दुसरी नोंदवही उघडली. टाकून दिलेली दाबणी.

३१. ४७. २८. ६६. ३९. ५२.

ओळीमागून ओळी. पहिल्या वहीच्या तिप्पट. कंप असाच असतो, मी मनाशी म्हटलं. वेडावाकडा. पण अंगठा बटणावर असेल तोवर कंप सतत असायला हवा होता, बाबांचा डोळा लागलेला असतानाही. हा फक्त पडद्यावर अक्षरं उजळत असतानाच होता. आणि दोन कंपांच्या मध्ये वाट बघितल्यासारखं अंतर होतं.

माझ्या मागे टिक झालं. मी वळले नाही.

५

पडद्याचा प्रोग्रॅम कोणत्या वेळी कोणतं अक्षर उजळलं होतं ते लिहून ठेवतो. टाकून दिलेल्या दाबण्यांच्या वेळा माझ्याकडे होत्या. दोन्ही समोरासमोर ठेवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. मी ते केलं, कारण अर्थ निघणार नाही याची खात्री करून मला जेवायला उठायचं होतं.

सगळ्यात जुन्या दिवसापासून सुरुवात केली, गाळणी घातली त्या दिवसापासून.

दिपे

मी खुर्चीवर जरा पुढे सरकले.

दिपे मी नाय

दिपे मी नाय बोलत

दिपे ऐक

हेच, दोन महिने. कधी अर्ध्यावर तुटलेलं, मध्ये एखादं अक्षर चुकलेलं, पुन्हा पहिल्यापासून. जिथे आम्हाला 'धन्यवाद' दिसलं होतं तिथे खाली होतं, कोन हाय ह्यो. जिथे 'काशिराम नको', तिथे काशाला बोलव काशाला बोलव. भाविका बंद झाली त्या दिवशी, हात दुकतान. खिडकीचा पडदा लावला त्या दिवशी, खिरकी उघर. पेज कमी केल्यापासून रोज एकच शब्द, भूक.

प्रत्येक अक्षर त्यांनी उजळायची वाट बघून दाबलं होतं. माझ्या गाळणीने ते टाकून दिलं होतं. मी मागे बसून कंपनीचं काम करत होते.

शेवटची ओळ त्याच सकाळची होती. अकरा वाजून वीस मिनिटांची.

आंगठयावर हात हाय त्याचा उचल

६

मी खुर्ची फिरवली.

सहा महिने आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. आई, काका, भाविका, मी. बोलणं तिकडे उमटत होतं, म्हणून डोळे तिकडे. अंगठ्याकडे कोण बघतं?

"बाबा," मी म्हटलं, "पानी देऊ?" माझा आवाज मला नीट वाटला. मी पडद्याकडे पाठ केली आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

अंगठा थरथरला. अगदी बारीक, बटणाचा आवाजही झाला नाही. परत थरथरला. ते बाबा होते. त्या थरथरीला मी कंप म्हणत होते.

मग तो थांबला, आणि त्यांच्या हाताच्या पाठीवरच्या शिरा सपाट झाल्या. बाबांच्या शिरा जाड, गाडीचं चाक फिरवून फुगलेल्या. त्या एकेक करून आत गेल्या, वरून दाबल्यासारख्या. बोटांच्या पेरांवरची कातडी दबली. अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

टिक.

टक.

शिरा हळूहळू भरून वर आल्या. कातडीवर आडवे चार पांढरे वळ राहिले होते, बोटभर रुंदीचे. बघता बघता ते गुलाबी झाले आणि मिटले.

रक्ताभिसरण, मी मनात म्हटलं. सहा महिने पडून असलेला हात. डॉक्टरांना विचारायला हवं. मी हे सगळं नीट, ओळीने मनात म्हटलं.

पडद्यावर काय उमटलं ते मी मग वळून बघितलं. नको.

७

मी एकच गोष्ट करू शकत होते, म्हणून ती केली. गाळणी उलटी फिरवली. ऐंशीपेक्षा कमी असेल ते वर जाऊ दे, जास्त असेल ते टाकून दे. एका चिन्हाचा बदल. ड्रायव्हर पुन्हा चढवला.

"बाबा, आता बोला. तुमचंच येईल. तुमचंच घेईल ते आता."

अक्षरं उजळू लागली. अंगठा थरथरला. द आला. थांबून, ि. मग प. माझ्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला. सहा महिन्यांनी बाबा मला हाक मारत होते.

टिक.

मी टकची वाट बघितली. आला नाही.

लॅपटॉपवर नोंदी पळत होत्या. १, आणि मग २, २, २, २, २. बटण दाबून धरलं होतं. दाबलेलं बटण पुन्हा दाबता येत नाही. बाबांचा अंगठा त्याच्यावर थरथरत होता, मला दिसत होता, पण कर्नेलपाशी त्याची नोंदच होत नव्हती. पडदा प वर थांबला होता. दिप. दिप. २, २, २.

मी त्यांचा हात उचलायला गेले. आधी त्यावर माझा हात ठेवला, धरण्यासाठी.

माझा तळवा त्यांच्या हाताला लागला नाही. मध्येच थांबला, दोन बोटं वर. मी जोर दिला. खाली जाईना. कडक नव्हतं ते. आपण दुसऱ्याच्या हातावर हात ठेवतो तेव्हा जसं लागतं तसंच लागत होतं, थोडं मऊ, खाली हाडं. गारही नव्हतं.

मी ओरडले की नाही आठवत नाही. मी टेबलाखाली वाकून बटणाची वायर उपटली.

यंत्र काढून घेतलं की कर्नेल त्याची सगळी बटणं स्वतःच वर आल्याची नोंद करतो. दाबलेलं काही मागे राहू नये म्हणून तशी सोय असते. लॅपटॉपवर शेवटचा ० पडला आणि नोंदी थांबल्या.

उशीवर, बाबांच्या अंगठ्याखाली, लाल बटण अजून आत दबलेलं होतं.

मी दाराकडे बघितलं. पाच पावलांवर होतं. बाहेर जिना, खाली रिक्षा, माणसं. मी बाबांना त्याच्यापाशी सोडून जाऊ शकत नव्हते. म्हणून तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी बसून, आईला फोन लावला. मग काशिरामकाकांना.

"काका, या. बाबांनी बोलावलंय."

"म्हादूनी?"

"हो. आता खरंच त्यांनी."

काकांना यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी बाबांच्या पायाचा अंगठा हातात धरून बसले. टकचा आवाज मध्ये कधीतरी झाला, हलकेच. मी वर बघितलं नाही.

८

काकांनी आल्या आल्या खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि खिडकी सताड उघडली. मी त्यांना सगळं सांगितलं, लॅपटॉप दाखवला. त्यांना आकड्यांतलं काही कळलं नाही, पण 'काशाला बोलव' त्यांनी बोट ठेवून वाचलं. आठ-दहा ठिकाणी होतं, त्यांनी सगळं वाचलं. मग बनियनला नाक पुसत म्हणाले, "गारी बोलवतो. याला हितनं काढू."

संध्याकाळच्या आत आम्ही नेऱ्याला होतो. भीमामावशीचं घर साधं, दोन खोल्यांचं, पुढे ओटी, मागे भाताची खाचरं आणि त्यापलीकडे डोंगर. बाबांचा पलंग ओटीला लागून खिडकीत टाकला. बटण मी आणलंच नाही. संगणक आणला नाही. आईने विचारलं, "आता बोलायचं कसं?"

"हाताने," मी म्हटलं.

बाबांचा हात मी माझ्या तळव्यावर घ्यायचा. आईने मोठ्याने अक्षरं म्हणायची. मध्ये यंत्र नाही, गाळणी नाही. हवं ते अक्षर आलं की बाबांचा अंगठा माझ्या तळव्यावर थरथरायचा, पाखराने चोच लावल्यासारखा, आणि मी सांगायचे, हे.

पहिलं वाक्य व्हायला वीस मिनिटं लागली. भामे पेज दे.

आई हसली, रडली, मग पेज करायला पळाली आणि दूध उतू घालवून परत आली. भाविका सुकापूरहून बसने येऊ लागली. काशिरामकाका रोजच. ते अक्षरं म्हणायला बसले की थांब्यांची नावं पुकारल्यासारखी म्हणायचे, आणि बाबांच्या तळव्याखालून मला जाणवायचं की त्यांना हसू येतंय. अंगठा उगीचच थरथरायचा, कुठल्याच अक्षरावर नाही. बाबा विचारायचे, डेपोत आता कोण आहे, तिथल्या शिवाच्या मुलीचं लग्न झालं का, बोंबील कसे दिले. 'नाय' आलं. 'हाय' आलं. दहा दिवसांत त्यांच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं.

एकदाच मी विचारलं. आई बाहेर होती, काका अक्षरं म्हणत होते. "बाबा, कोण होता तो?"

काकांनी अक्षरं दोनदा म्हटली. मग आलं, ठाव नाय. आणि थोड्या वेळाने, परलो तवापासना हाय.

"आता?" काकांनी विचारलं. "हितं हाय?"

नाय, असं आलं. काकांनी सुस्कारा टाकला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांची नजर पहिल्यांदाच वर छताला लागलेली नव्हती. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या तोंडाकडे नाही, जरा खाली.

९

सोळावा दिवस. सकाळचे साडेअकरा. खाचरांत बगळे उतरले होते, मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. बाबांचा हात माझ्या तळव्यावर, माझा हात गादीवर उताणा. आई अक्षरं म्हणत होती, मधेच एखादं विसरत होती.

द आलं. मग पुढे, दिपे.

"काय बाबा?"

ह. मग आ. मग त. मी हसून म्हटलं, "हात? हात काय? अवघडला का?"

स. ओ. र.

"हात सोर," आई म्हणाली. "सोर गो त्यांचा हात. किती वेल धरून बसलीस. दुखत असंल."

"माझाच अवघडलाय," मी म्हटलं. खरंच अवघडला होता. मनगटापासून जड झाला होता, मुंग्या येतात तसा. एका जागी ठेवला की होतं तसं.

दिपे, पुन्हा आलं. हात सोर. बाबांचा अंगठा इतक्या जोरात थरथरत होता की आईने अक्षरं म्हणायचंच थांबवलं. तिने त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. सहज उचलला गेला. हलका होता, माझ्या तळव्यावरून पान उचलल्यासारखा. तिने तो त्यांच्या छातीवर ठेवला आणि वरून चादर सारखी केली.

"झोपा आता थोरं," ती त्यांना म्हणाली.

बाबांचे डोळे चादरीवर नव्हते. गादीवर जिथे त्यांचा हात होता तिथे होते, आणि डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. आता मात्र उजव्यातूनही.

मी खाली बघितलं. माझा हात गादीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली, रिकामी. मनगटाजवळची निळी शीर मला दिसत होती. ती दिसत होती, आणि मग सपाट झाली.

आई पेजेचं भांडं घेऊन दारापर्यंत गेली होती. तिथून वळून म्हणाली, "उठ गो, दिपे. मना चुलीकडं हात लाव जरा."

"आई," मी म्हटलं, "मी केव्हाची उठतेय."